पुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे: फिलिपिन्सच्या शाळा समजून घेणाऱ्या नवख्यांसाठी

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मनिलाच्या दक्षिणेला लागूना प्रांतात राहायला आलो, तेव्हा माझ्या गाठीशी बी.एस्सी.ची पदवी होती आणि पुण्यात खासगी क्लासमध्ये सहा वर्षं गणित शिकवल्याचा अनुभव होता. इथे शिकवायचं तर आधी इथली शाळा कळायला हवी, म्हणून मी शिक्षणशास्त्राच्या अठरा युनिटांना, म्हणजे क्रेडिट्सना, नाव घातलं. शिक्षणेतर पदवी असलेल्यांना शिक्षक परीक्षेला बसण्यासाठी हे युनिट पूर्ण करावे लागतात.

दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं गेलं, 'लिखित अभ्यासक्रमाचा एक नमुना घेऊन या.' मी पहिलीचं गणिताचं पुस्तक नेलं, नीट कव्हर घालून. शिकवणाऱ्या बाईंनी चार पानं चाळली आणि शांतपणे म्हणाल्या, 'हा अभ्यासक्रमाचा आधार झाला. अभ्यासक्रम कुठे आहे?' मला प्रश्नच कळला नाही. आमच्याकडे पुस्तक म्हणजेच पोर्शन आणि पोर्शन संपला की वर्ष संपलं.

तो प्रश्न कळायला मला अख्खं सत्र लागलं. तुम्ही शिक्षणशास्त्र शिकायला येत असाल, इथल्या शाळेत शिकवणार असाल किंवा मूल इथल्या शाळेत घालून प्रगतिपुस्तकाकडे गोंधळून बघत असाल, तर खालच्या क्रमाने जा. क्रम बदलू नका. मी आधी व्याख्या पाठ केल्या आणि वर्ग नंतर पाहिला. त्यामुळे दोनदा मेहनत करावी लागली.

सुरुवातीआधी: हाताशी काय हवं

अभ्यासासाठी:

- २०१३ चा कायदा क्रमांक १०५३३ याचा मूळ मजकूर. सगळा नाही वाचलात तरी कलम ५ वाचाच.
- एका इयत्तेचा, एका विषयाचा 'करिक्युलम गाइड'. शिक्षण खात्याच्या, म्हणजे डेपएडच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो.
- त्याच विषयाच्या एका आठवड्याचं शिक्षकाचं टाचण. इथे त्याला 'डेली लेसन लॉग' म्हणतात. शिक्षक नुसतं डीएलएल म्हणतात.
- त्याच धड्याचं पुस्तकातलं पान आणि त्यावरची एक चाचणी.
- वर्ग बघायला बसण्यासाठी कॉलेजचं मुख्याध्यापकांच्या नावे पत्र. सरकारी शाळा असेल तर काही ठिकाणी विभागीय कार्यालयाची परवानगीही मागतात, म्हणून पत्र लवकर द्या.

प्रवेशासाठी: पदवी प्रमाणपत्र, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि त्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का. भारत आणि फिलिपिन्स दोन्ही देश आता अपोस्टिल करारात आहेत. फिलिपिन्स मे २०१९ मध्ये आला. माझे कागद त्याआधीचे, त्यामुळे ते दूतावासातून फिरवावे लागले होते. तुमचा तो फेरा वाचेल.

इथे आपल्या लोकांचा हमखास अडकणारा पाय म्हणजे नाव. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. आपण तिथे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लिहितो. शिवाय आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. माझ्या तीन कागदांवर तीन तऱ्हेची नावं झाली आणि ती निस्तरायला दोन महिने गेले. पहिल्याच दिवशी नोंदणी कार्यालयात सांगा की पासपोर्टवर आहे तसंच नाव सगळीकडे लागलं पाहिजे, आणि पावतीवरही तपासून घ्या.

आणखी एक. अठरा युनिट झाले म्हणजे परवाना मिळालाच, असं समजू नका. परदेशी नागरिकासाठी शिक्षक कायद्यात परस्परतेची अट आहे: तुमच्या देशात त्यांच्या नागरिकाला तशी मुभा असली पाहिजे. फी भरण्याआधी परवाना देणाऱ्या आयोगाकडे स्वतः चौकशी करा, कोणाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

१. आधी आपले शब्द निवडून घ्या

आपण 'अभ्यासक्रम', 'पाठ्यक्रम', 'सिलॅबस', 'पोर्शन' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. इथे तसं चालत नाही. अभ्यासक्रम म्हणजे शाळेच्या छायेत मुलाला येणारा सगळा ठरवलेला अनुभव, आणि न ठरवता येणाराही. पाठ्यक्रम म्हणजे त्यातल्या एका विषयाची मांडणी. पुस्तक हे साधन.

करिक्युलम गाइड उघडलात की तीन रकाने दिसतील. पहिला सांगतो मुलाला काय माहीत हवं. दुसरा सांगतो त्या माहितीतून त्याला काय करून दाखवता आलं पाहिजे. तिसरा सगळ्यात लांब; त्याच्यात एकेक क्षमता सुटी करून लिहिलेली असते. इथला शिक्षक पाठाची आखणी या तिसऱ्या रकान्यावरून करतो, पुस्तकाच्या पान क्रमांकावरून नाही. हे एवढं डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ मिटतो.

२. कोण ठरवतं आणि शाळा किती वर्षांची, हे एकदा लिहून काढा

बालवाडी ते बारावी डेपएडकडे, उच्च शिक्षण चेडकडे आणि कौशल्य शिक्षण टेस्डाकडे. चेड आणि टेस्डा १९९४ मध्ये कायद्याने वेगळे झाले. तोवर बहुतेक सगळं एकाच छत्राखाली होतं. तुम्हाला शिक्षक म्हणून घडवणारा अभ्यासक्रम चेडचा आणि तुम्ही वर्गात शिकवणार तो डेपएडचा. परीक्षेत या दोन्हींची सरमिसळ हमखास विचारतात.

२०१३ च्या कायद्याआधी इथलं शालेय शिक्षण दहाच वर्षांचं होतं. त्या कायद्याने बालवाडी, सहा वर्षं प्राथमिक, चार वर्षं कनिष्ठ माध्यमिक आणि दोन वर्षं उच्च माध्यमिक अशी साखळी पक्की केली. यालाच 'के टू ट्वेल्व्ह' म्हणतात. आपल्याकडच्या दहावी-बारावीशी याची जुळणी करताना एक लक्षात ठेवा: इथली अकरावी-बारावी शाळेतच असते, कॉलेजात नाही.

३. एकच धडा घ्या आणि त्याचा माग काढा

अभ्यासक्रमाचे सात प्रकार इथे जवळपास प्रत्येक शिक्षणशास्त्राच्या वर्गात शिकवतात. वर्गीकरण अमेरिकन अभ्यासक ॲलन ग्लॅटहॉर्न यांचं. यादी पाठ करायला पाच मिनिटं लागतात आणि विसरायला दोन दिवस. त्यापेक्षा एक धडा धरा. मी धरला तो पहिलीच्या गणितातला: शंभर पेसोपर्यंतची नाणी आणि नोटा ओळखणं. ऑगस्ट २०१९, लागूनातली एक सरकारी शाळा, बाहेर पावसाची झड.

शिफारस केलेला. कायदा म्हणतो की शिक्षण विद्यार्थिकेंद्री आणि मुलाच्या परिसराशी जोडलेलं असावं. डेपएडचे आदेश तेच पुढे नेतात. ही वरून आलेली दिशा. परीक्षेत 'रेकमेंडेड' म्हटलं की संस्था शोधा: खातं, आयोग, मंडळ.

लिखित. गाइडमधली ती एक ओळ आणि बाईंच्या टाचणातला तो एक चौकोन. टाचणही लिखितच. माझं पुस्तक इथे बसत नव्हतं ते यासाठी.

आधार देणारा. पुस्तक, फळा, नाणी, झेरॉक्स केलेल्या नोटा. पुस्तकात नाण्यांची चित्रं छान होती. पण त्या दिवसांत एक अडचण होती: पाच पेसोचं नवं नाणं गोल आणि चंदेरी निघालं होतं, एक पेसोच्या नाण्यासारखंच. मोठी माणसंसुद्धा जीपनीत भाडं देताना चुकत. पहिलीच्या पोरांनी काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर ते कसं ओळखायचं? त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने नऊ कोनांचं पाच पेसोचं नाणं आणलं. साधन बदललं की धडा सोपा-अवघड होतो, हे मला त्या नाण्याने शिकवलं.

शिकवलेला. टाचणात लिहिलं होतं, 'चित्रं दाखवून चर्चा.' झेरॉक्स कामाची नाही हे दिसताच बाईंनी ती बाजूला ठेवली. दोन बाकं जोडली, वर बिस्किटाचे रिकामे पुडे मांडले आणि वर्गात सारी-सारी दुकान उघडलं. सारी-सारी म्हणजे घराच्या खिडकीतून चालणारं गल्लीतलं किराणा दुकान. शांपूची एक पुडी, एक अंडं, असं सुटं सुटं विकणारं. मुलं रांगेत उभी राहिली. एकेक जण हात पुढे करून म्हणायचं, 'पाबिली पो', म्हणजे 'मला विकत द्या ना'. लिहिलेलं आणि शिकवलेलं यांच्यातलं अंतर म्हणजे चूक असतेच असं नाही. पुष्कळदा शिक्षकाचं शहाणपण त्याच अंतरात असतं.

तपासलेला. शेवटच्या दहा मिनिटांत चाचणी झाली. नाण्यांची चित्रं आणि समोर रिकामी रेघ: एकूण किती?

शिकलेला. सगळ्यात रोचक गोष्ट इथे घडली. लागूनाची भाषा तागालोग, म्हणून तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिलीचं गणित तागालोगमध्ये होतं. पुस्तकात वीस म्हणजे 'दालावांपू'. खिडकीशी बसलेल्या एका चिमुरडीने दुकानात वीसची नोट दिली, माल घेतला, सुट्टे मोजून घेतले, एक पेसो कमी आला तो मागूनही घेतला. चाचणीत तिची रेघ कोरी. बाईंनी विचारलं, 'ही नोट किती?' ती लगेच म्हणाली, 'बेन्ते!' बेन्ते हा स्पॅनिश 'वीस'. बाजारात भाव बोलताना इथे सगळे स्पॅनिश आकडेच वापरतात: सिंको, दियेस, बेन्ते. तिला वीस येत होते. पुस्तकातले वीस येत नव्हते. तपासलेला आणि शिकलेला हे दोन प्रकार वेगळे का मानायचे, हे मला कोणत्याही व्याख्येने इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

छुपा. बाईंनी दुकानात बसायला तीनही वेळा मुलीच निवडल्या आणि माल वाहायला मुलगे. कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण वर्गाने ते शिकून घेतलं. आणि चांगलंही काही: मागताना 'पो' म्हणायचं. 'पो' हा आदराचा शब्द, आपल्या 'अहो-जाहो'सारखा. एका पोराने तो गाळला तर मागचा पोरगाच त्याला म्हणाला, 'पो!'

इथे सापळा असा: ध्वजवंदन छुप्या अभ्यासक्रमात टाकायचा मोह होतो, मीही टाकलं होतं. पण १९९८ च्या ध्वजविषयक कायद्याने ते ठरवून दिलेलं आहे. सोमवारी सकाळी लुपांग हिनिरांग हे राष्ट्रगीत म्हणायचं ही लिहिलेली गोष्ट आहे. त्या रांगेत उंच मुलं मागे, चुळबुळी बाईंजवळ, उशिरा आलेलं पोर फाटकाशी एकटं उभं, यातून मुलं जे उचलतात ते छुपं. एकाच प्रसंगात दोन प्रकार राहू शकतात. 'हे यापैकी कोणतं?' असं विचारण्याआधी 'यातला कोणता भाग?' असं विचारा.

४. आता पायाकडे या

पाया चार सांगतात: तात्त्विक, ऐतिहासिक, मानसशास्त्रीय आणि सामाजिक. बहुतेक टिपणं तात्त्विकपासून सुरू होतात. मी म्हणेन, इतिहासापासून सुरू करा, कारण त्या मुलीच्या तोंडचा 'बेन्ते' तिथून आला.

ऐतिहासिक. स्पॅनिश येण्याआधी इथे बायबायिन ही लिपी होती. शिक्षण घरात आणि कामातून व्हायचं. स्पॅनिश काळात शिकवण्याचा केंद्रबिंदू धर्म झाला. १८६३ च्या शाही फर्मानाने प्रत्येक गावात मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक प्राथमिक शाळा असावी असं ठरवलं. मग अमेरिकन आले. जानेवारी १९०१ च्या कायद्याने इंग्रजी माध्यमाच्या सार्वजनिक शाळा आणि शिक्षक घडवण्यासाठी मनिलात नॉर्मल स्कूल उभं राहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक उतरले. त्यांना थॉमसाइट्स म्हणतात. आकड्यांचे तीन थर यातूनच पडले: घरातलं तागालोग, बाजारातलं स्पॅनिश, शाळेतलं इंग्रजी. सात वर्षांचं पोर हे तिन्ही थर घेऊन बाकावर बसतं.

कालांबा आमच्या घरापासून जवळ, फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल यांचं जन्मगाव. रिझाल यांचं चरित्र आणि लेखन प्रत्येक शाळा-कॉलेजात शिकवलंच पाहिजे असा १९५६ चा कायदा आहे. त्यांचं दापितानमधलं काम मात्र टिपणांत एका ओळीत उरकतात, याचं मला वाईट वाटतं. १८९२ ते १८९६ हद्दपारीत असताना त्यांनी तिथे गावातल्या मुलांसाठी शाळा चालवली. फी नव्हती, मुलं बागेत, शेतात काम करत आणि भाषा, गणित, निसर्ग शिकत. परिसराशी जोडलेला अभ्यासक्रम कसा दिसतो ते बघायचं असेल तर तिथे बघा.

इथे एक मोठा सापळा आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकात 'ऐतिहासिक पाया' या मथळ्याखाली बहुधा फिलिपिन्सचा इतिहास नसेलच. तिथे बॉबिट, चार्टर्स, किलपॅट्रिक, रग, कॅसवेल, टायलर, ताबा अशी अमेरिकन नावांची रांग असेल. परीक्षेत ती येते, म्हणून कोणी काय मांडलं ते शिका. पण त्या रांगेतलं पहिलं नाव पुस्तकात वाटतं तितकं परकं नाही. फ्रँकलिन बॉबिट तरुणपणी मनिलाच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवायला होता. या बेटांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीत तो होता. कोरी पाटी हातात असताना समितीने काय केलं? टेबलावर अमेरिकन पाठ्यपुस्तकं रचली आणि त्यांवरून कामाला सुरुवात केली. इथल्या मुलांना काय लागतं हा प्रश्नच सुचला नव्हता, असं पुढे १९१८ मध्ये त्याने स्वतः लिहिलं. अभ्यासक्रम मुलाच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून ठरवावा, हा त्याचा आग्रह याच चुकीतून आला. मी कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन गेले होते, तेव्हा मला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तात्त्विक. चार नावं: शाश्वतवाद, सारवाद, प्रगतिवाद, पुनर्रचनावाद. परीक्षेत इंग्रजी नावं येतात: पेरेनिअलिझम, इसेन्शिअलिझम, प्रोग्रेसिव्हिझम, रीकन्स्ट्रक्शनिझम. पाठ करताना प्रत्येकाला इथलं एक उदाहरण चिकटवा. अभिजात साहित्य सगळ्यांनी वाचावं हा आग्रह पहिल्यातला. वाचन, लेखन, अंकज्ञान आधी पक्कं करा हा दुसरा. वर्गातलं दुकान हा तिसरा. वादळ आल्यावर गावाने काय करायचं याचा आराखडा मुलांनी बनवणं हा चौथा. कोणतीही खरी शाळा एकाच तत्त्वज्ञानावर चालत नाही. 'डेपएडचं तत्त्वज्ञान कोणतं?' याला एका शब्दाचं उत्तर देऊ नका.

मानसशास्त्रीय. थॉर्नडाइकचा सराव, पियाजेच्या अवस्था, वायगोत्स्कीचा आधार, मॅस्लोच्या गरजा: हे आपल्या डी.एड., बी.एड.लाही असतं, त्यामुळे जड जाणार नाही. नवी गोष्ट म्हणजे चक्राकार प्रगती, 'स्पायरल प्रोग्रेशन'. कल्पना जेरोम ब्रुनर यांची, आणि २०१३ च्या कायद्यात ती नाव घेऊन आहे. आधी माध्यमिक शाळेत एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष रसायन, एक वर्ष भौतिक असं होतं. या कायद्यानंतर दर वर्षी सगळ्या शाखा थोड्याथोड्या येऊ लागल्या, दर वर्षी जरा खोल. तुमचं मूल आठवीत मध्येच इथे आलं तर 'मागचं राहून गेलं' ही तक्रार येणार. मागच्या इयत्तांचे गाइड उतरवून त्या शाखेचा धागा मागे मागे वाचा, अंतर कुठे आहे ते तासाभरात सापडतं.

सामाजिक. ७,६४१ बेटं, शंभराहून अधिक भाषा, दरवर्षीची वादळं, आणि परदेशात कामाला गेलेले आई किंवा बाबा. अशा देशात एकच गाइड सगळीकडे जसाच्या तसा चालणार नाही, म्हणून कायद्यानेच शाळांना स्थानिक वळण द्यायची मोकळीक दिली आहे. आदिवासी समाजांसाठी वेगळी चौकट २०१५ मध्ये आली; मुस्लिम मुलांसाठी अरबी भाषा आणि इस्लामी मूल्यांचा कार्यक्रम आहे. 'स्थानिक वळण' म्हणजे धड्यात सफरचंदाऐवजी आंबा टाकणं इतकंच नाही. त्या मुलीच्या वर्गात 'बेन्ते'ला बरोबरची खूण मिळणं, मग शेजारी 'दालावांपू' लिहून घेणं, याला मी स्थानिक वळण म्हणेन.

५. रचनेचे प्रकार: लवकर आटपा

सात प्रकार वेगळे आणि रचनेचे तीन प्रकार वेगळे. दोन्ही याद्या एकत्र करू नका. विषयकेंद्री, विद्यार्थिकेंद्री, समस्याकेंद्री एवढ्या तीनच. विषयकेंद्रीच्या पोटात 'ब्रॉड फील्ड' म्हणजे अनेक विषय एका छत्राखाली, आणि त्याची उदाहरणं इथे समोरच आहेत: संगीत, कला, शारीरिक शिक्षण आणि आरोग्य मिळून 'मापे', किंवा इतिहास-भूगोल-अर्थशास्त्र मिळून 'आरालिंग पान्लिपुनान'. टायलरचा मार्ग वरून खाली, ताबाचा शिक्षकापासून वर. बहुतेक प्रश्न इथेच संपतात.

६. टिपणांवरची तारीख बघा

सगळ्यात जास्त नुकसान जुन्या टिपणांनी होतं. सीनियर विद्यार्थ्यांकडून मिळालेली फाइल कितीही नीटनेटकी असली तरी आधी वर्ष बघा.

२०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत फिलिपिन्स वाचनात सगळ्यात तळाशी राहिला. अभ्यासक्रम खूप दाटीचा झाला आहे ही शिक्षकांची तक्रार आधीपासून होतीच. ऑगस्ट २०२३ मध्ये डेपएडने 'मातातग' नावाचा सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला. मातातग म्हणजे खंबीर. अकरा हजारांहून जास्त असलेल्या क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास आणल्या. २०२४-२५ पासून बालवाडी, पहिली, चौथी आणि सातवीत तो लागू झाला आणि पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने. पहिलीत आता पाच विषय: भाषा, वाचन व साक्षरता, गणित, माकाबान्सा (देशप्रेमाचा विषय) आणि शिष्टाचार-सदाचार. मला हा बदल मनापासून पटतो. त्या वर्गातल्या बाईंना दुकान मांडायला वेळ चोरून काढावा लागला होता.

दुसरा मोठा बदल भाषेचा. के टू ट्वेल्व्हमध्ये तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवणं बंधनकारक होतं, एकोणीस भाषांमध्ये. ऑक्टोबर २०२४ च्या कायद्याने ते बंधन काढलं. आता माध्यम फिलिपिनो आणि इंग्रजी. प्रादेशिक भाषा मदतीला. वर्गातली सगळी मुलं एकाच भाषेची असतील तर मातृभाषा माध्यम ठेवता येतं, पण सक्ती नाही. मी वर सांगितलेला तागालोग गणिताचा तास जुन्या नियमातला आहे, हे वाचताना ध्यानात ठेवा. उत्तरपत्रिकेत 'मातृभाषा सक्तीची आहे' असं आज लिहिलंत तर ते चूक ठरेल.

अकरावी-बारावीतही २०२५-२६ पासून निवडक शाळांमध्ये नवी मांडणी सुरू झाली आहे. स्टेम, ह्युमस वगैरे जुन्या शाखांची नावं ऐकू येतील, पण प्रवेश घेताना त्या शाळेत कोणती मांडणी चालू आहे ते थेट विचारा.

७. गुण वाचताना फसू नका

हे खास पालकांसाठी. प्रगतिपुस्तकावर ७५ दिसले की आपल्याला वाटतं, पोराने शंभरात पंच्याहत्तर मिळवले. तसं नाही. २०१५ च्या मूल्यमापन आदेशाप्रमाणे लेखी काम, प्रत्यक्ष कृती आणि तिमाही परीक्षा यांच्या भारांकातून मूळ गुण निघतो. गणित-विज्ञानात ४०, ४० आणि २० टक्के. मग तो तक्त्याने बदलतात: मूळ ६० चे प्रगतिपुस्तकावर ७५ होतात. म्हणजे ७५ ही उत्तीर्णतेची कड आहे. माझ्या शेजारच्या मराठी कुटुंबाने ७६ गुणांवर पेढे वाटले होते आणि दोन आठवड्यांनी शिक्षिकेने त्यांना काळजीने बोलावून घेतलं. शाळेकडून मूळ गुण आणि तिन्ही भाग वेगळे मागा. कृतीत चांगले आणि लेखीत कमी असतील, तर अडचण बहुधा भाषेची असते.

शिक्षक परीक्षेचं गणित वेगळं: सरासरी ७५ टक्के आणि कोणत्याही विषयात ५० च्या खाली नाही. तिथे असा तक्ता नाही.

८. निरीक्षण वहीत कसं उतरवायचं

वर्गात जाण्याआधी वहीचं जोडपान आडवं धरून सात रकाने आखा. शिफारस केलेला, लिखित आणि आधार देणारा हे तीन रकाने घरीच भरा. कायदा, गाइड, टाचण आणि पुस्तक समोर ठेवून. उरलेले चार कोरे घेऊन जा.

तासाला मागच्या बाकावर बसा, पण मुलांच्या वह्या दिसतील इतपत जवळ. बाई काय म्हणाल्या ते शब्दशः टिपा. 'छान शिकवलं' असं लिहू नका. टाचणापासून कुठे वळण घेतलं त्या मिनिटाची वेळ लिहा. दोनच मुलं निवडा आणि तासभर त्यांच्याकडेच बघा. 'शिकलेला' हा रकाना चाचणीवरून भरायचा नसतो. तास संपल्यावर त्या दोघांशी दोन मिनिटं बोला, त्यांच्या भाषेत, शिक्षिकेची परवानगी घेऊन. फोटो काढू नका आणि वहीत मुलांची नावं लिहू नका. 'खिडकीजवळची', 'दाराशी बसलेला' एवढं पुरतं.

छुपा रकाना सगळ्यात शेवटी, त्याच रात्री भरा. वर्गात बसल्याबसल्या तो भरता येत नाही, कारण आपणही त्यातच बसलेलो असतो. पहिल्या वेळी माझा तो रकाना कोराच राहिला होता. मुलींना दुकानात बसवलं ही गोष्ट मला तिसऱ्या दिवशी, वही पुन्हा वाचताना दिसली.